कास्तेलफिदार्दो : भात्याचे गाव

वाचकहो, दोन वर्षांपूर्वी एका वाद्यविषयक लेखाचे भाषांतर करीत असता एका लहानशा इटालियन शब्दापाशी माझी लेखणी अडली. शब्द होता ‘व्होचे’. कोशात त्याचा अर्थ सरळ दिलेला होता : आवाज. परंतु लेख अकॉर्डियनविषयी होता, आणि त्यात म्हटले होते की या वाद्यातील शेकडो ‘व्होची’ पोलादाच्या असतात, त्या रिव्हेटने ठोकतात, मेणाने बसवितात आणि खरवडून सुरात आणतात. पुढच्याच परिच्छेदात त्याच वाद्यात विजेच्या साहाय्याने उमटणाऱ्या दुसऱ्या आवाजाची हकिकत होती. मी दोन्ही ठिकाणी ‘आवाज’ असे लिहून मोकळी झाले. आमच्या ज्येष्ठ संपादकांनी समासात तांबड्या शाईने एवढाच प्रश्न लिहून कागद परत केला : ‘दोन्ही आवाज एकच आहेत काय?’

कार्यालयातील मेजापाशी बसून या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. लेख कसाबसा छापून गेला, पण तो तांबडा प्रश्न मनातून गेला नाही. पुढे माझी थोरली बहीण रोममध्ये राहत असताना तिच्याकडे जाण्याचा योग आला. परतीला चार दिवस शिल्लक होते. रोम पाहायला चार दिवस पुरत नाहीत, हे बहिणीचे म्हणणे रास्तच होते. तरीही मी त्यांतले दोन एका डोंगरावरच्या गावासाठी राखून ठेवले. त्या गावाचे नाव कास्तेलफिदार्दो.

रोमहून अँकोनाला जाणारी आगगाडी आपेनाइन पर्वतराजी ओलांडून इटलीच्या पूर्व किनाऱ्याला येते. अँकोना हे बंदर मार्के नावाच्या प्रांताचे मुख्य शहर. तेथून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीने थोडेसे गेले की ओसिमो-कास्तेलफिदार्दो हे लहान स्टेशन लागते. स्टेशन सखल भागात आणि गाव टेकडीच्या माथ्यावर, हा या प्रांताचा रिवाजच आहे. वळणे घेत बस वर चढते, तेव्हा दोन्ही बाजूंना नांगरलेल्या शेतांच्या उतरणी दिसतात. माथ्यावर पोहोचल्यावर एका बाजूस कोनेरो डोंगर, पूर्वेस एड्रियाटिक समुद्राची निळी रेघ आणि दक्षिणेच्या अंगाला लोरेतो येथील प्रसिद्ध मंदिराचा घुमट नजरेस पडतो. त्यापलीकडच्या टेकडीवर रेकानाती आहे. इटलीचा थोर कवी जाकोमो लेओपार्दी १७९८ साली तेथे जन्मला. गावाची वस्ती १८–१९ हजारांची. आपल्याकडील तालुक्याच्या गावाएवढीच म्हणा ना! परंतु जगात जेथे जेथे अकॉर्डियन वाजते, तेथे तेथे या गावाचे नाव ठाऊक आहे.

यात्रेकरूने ठेवलेले वाद्य

अकॉर्डियनचा जन्म या गावातला नव्हे. १८२९ साली व्हिएन्ना येथे सिरिल डेमियान नावाच्या वाद्यकाराने त्याची सनद घेतली. एक बटण दाबले की अनेक सुरांचा मेळ, म्हणजे ‘अकॉर्ड’, एकदम उमटे, म्हणून ते ‘अकॉर्डियन’. ते कास्तेलफिदार्दोला कसे पोहोचले, याची गावात सांगतात ती कथा अशी.

१८६३ साली लोरेतोच्या यात्रेहून परतणारा एक ऑस्ट्रियन यात्रेकरू रात्रीच्या मुक्कामासाठी गावाबाहेरच्या सोप्रानी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरला. पंढरीच्या वाटेवरील गावांत वारकऱ्याला भाकरी आणि ओसरी मिळावी, तद्वतच त्या वाटेवर यात्रेकरूला आसरा मिळत असे. निघताना त्याने आपल्याजवळची एक चमत्कारिक पेटी यजमानांच्या घरी ठेवली. घरातला १९ वर्षांचा मुलगा पाओलो याने ती उघडली, तिचे अंतरंग न्याहाळले आणि तशीच दुसरी बनविली. ही कथा आहे. तिचा दस्तऐवज कोणी मागू नये. मात्र पाओलो सोप्रानीने भावांच्या मदतीने घरातच हा धंदा सुरू केला, लोरेतोच्या यात्रेकरूंना ती वाद्ये विकली आणि १८७२ साली गावात रीतसर कारखाना काढला, हा इतिहास आहे. पुढे देशोधडीला लागलेले लक्षावधी इटालियन लोक अर्जेंटिनाला आणि अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांच्या बोचक्यांबरोबर ही वाद्येही समुद्रापार गेली.

यात्रेकरूची ही कथा मी मुद्दाम विस्ताराने सांगितली. या गावाची कीर्ती मुळात एका पाहुण्याने आणलेल्या वस्तूवर उभी आहे, हे आपण ध्यानात ठेवावे. पुढे दुसरा एक पाहुणा येणार आहे.

पोलादी पत्त्यांचे घर

नगरपालिकेच्या जुन्या इमारतीच्या तळघरात १९८१ पासून अकॉर्डियनचे आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. विटांच्या कमानींखाली काचेच्या कपाटांतून शेकडो वाद्ये मांडलेली आहेत. काही तळहाताएवढी, काही माणसाची छाती झाकून टाकणारी. शिंपल्याच्या नक्षीची, हस्तिदंती रंगाची, तांबडीलाल. एका बाजूस जुन्या कारागिराची खोली जशीच्या तशी उभी केलेली आहे. तेथे थोडा वेळ थांबल्यावर वाद्याची रचना आपोआप उलगडू लागते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पेटी असेल, म्हणजे हार्मोनियम. तिचे आणि अकॉर्डियनचे कूळ एकच. दोहोंत धातूच्या चौकटीवर एका टोकाला ठोकलेली पातळ पत्ती असते. हवेच्या झोताने ती थरथरते आणि सूर निघतो. भेद आहे तो हवेच्या वाटेत. आपल्या पेटीत भात्याची हवा प्रथम आतल्या साठ्यात जाते आणि तेथून बहुतांशी एकसारख्या दाबाने पत्तीपर्यंत पोहोचते. अकॉर्डियनमध्ये असा साठा नाही. वादकाचा डावा हात भाता ओढतो अथवा दाबतो, तो दाब तसाच्या तसा पत्तीला जाऊन भिडतो. हात हलकेच हलला तर सूर कुजबुजतो, जोराने ओढला तर गर्जतो, मनगट थरथरले तर सूरही थरथरतो. भाता ओढताना एक पत्ती वाजते, दाबताना तिची जोडीदारीण. म्हणून प्रत्येक सुराला पत्त्यांची जोडी लागते. उजव्या हाताला ४१ पट्ट्या आणि डाव्या हाताला १२० बटणे असलेल्या मोठ्या वाद्यात अशा पत्त्यांची संख्या चारशेच्या वर जाते. यांनाच इटालियन कारागीर ‘व्होची’ म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका लहान कारखान्यात जाण्याची परवानगी मिळाली. माझे इटालियन पुस्तकी. पण तेथील माणसांनी ते गोड मानून घेतले. आत लाकडाचा, चामड्याचा आणि तापविलेल्या मेणाचा वास भरून राहिला होता. पत्त्यांच्या चौकटी लाकडी ठोकळ्यांवर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने बसवितात. हे काम करणारी एक प्रौढ स्त्री एका हातात पळीसारखे लहानसे पात्र घेऊन सांध्यांतून मेण इतक्या सहजतेने ओतीत होती की आमच्या आजीच्या शेवया वळणाऱ्या हातांची मला आठवण झाली.

सूर लावणारे गृहस्थ वयाने सत्तरीच्या पुढचे होते. त्यांच्यापुढे पायाने चालणारा भाता होता. त्यावर ठोकळा ठेवायचा, सूर ऐकायचा आणि पत्ती किंचित खरवडायची. टोकाकडे खरवडली तर पत्ती हलकी होऊन सूर चढतो. ठोकलेल्या बाजूकडे खरवडली तर ती लवचीक होऊन सूर उतरतो. किती खरवडावे याचे माप हातातच. ‘गेलेले पोलाद परत येत नाही,’ ते म्हणाले. चारशे पत्त्यांपैकी प्रत्येकीपुढे त्यांना हे वाक्य मनाशी म्हणावे लागत असेल!

दुसरा पाहुणा

गावाच्या भरभराटीचा काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४६ साली सोप्रानी, स्कांदाल्ली आणि फ्रोंतालिनी या तीन घराण्यांचे कारखाने एकत्र येऊन ‘फारफिसा’ ही मोठी संस्था झाली. १९५० च्या दशकात या परिसरातील घराघरांतून कोणी ना कोणी अकॉर्डियनच्या कामात असे. नंतर वारे फिरले. नव्या पिढीने विजेची गिटार गळ्यात अडकविली. अकॉर्डियन हे वडीलधाऱ्यांच्या लग्नसमारंभातले वाद्य ठरले, आणि मागणी घसरू लागली. ज्या गावाचा हात एकाच धंद्यावर बसलेला, त्या गावाच्या पोटात अशा वेळी गोळा उठतो. आपल्याकडील विणकरांच्या गावांना हे वेगळे सांगायला नको.

अशा वेळी वीज या गावात पाहुणी म्हणून आली. वाद्याच्या पट्टीखाली विजेची कळ बसवावी, पट्टी दाबताच पत्तीही वाजावी आणि तारेने जोडलेल्या पेटाऱ्यातून ऑर्गनसारखा दुसरा सूरही निघावा, अशी ही कल्पना. १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘कॉर्डोव्हॉक्स’ या नावाने असे वाद्य बाजारात आले. अंग अकॉर्डियनचे, आणि आवाज देणारी यंत्रणा वेगळ्या पेटाऱ्यात. एकटा वादक दोघातिघांचे काम करू लागला. नृत्यगृहांच्या मालकांना हे पसंत पडले. ज्या साथीदारांची गरज संपली त्यांना किती पसंत पडले, ते सांगणे नको.

तथापि या जुळणीत एक उणीव होती. पत्तीचा सूर भात्याच्या तालावर लहानमोठा होई. विजेचा सूर मात्र पायाखालच्या पेडलवर अवलंबून असे. हात एक सांगे, पाय दुसरे. कीर्तनात बुवांनी आवाज खाली आणावा आणि मागच्या टाळकऱ्याने त्याच जोराने टाळ कुटीत राहावे, तसे ते होई. जर्मनीतील होनर या कारखान्याने याआधीच, १९५० च्या दशकात, ‘इलेक्ट्रोनियम’ नावाचे वाद्य काढले होते. त्यात पत्त्या मुळीच नव्हत्या. परंतु विजेच्या सुराचा लहानमोठेपणा भात्याच्या हाती दिलेला होता. एकाजवळ दोन आवाज होते, दुसऱ्याजवळ श्वास होता. दोन्ही गोष्टी एकत्र नीट नांदायला पुढे बरीच वर्षे लागली.

१९८३ मध्ये ‘मिडी’ ही पद्धती प्रचारात आली. कोणती पट्टी दाबली, किती वेळ दाबली, ही वार्ता एका वाद्याने दुसऱ्याला सांगण्याची ती सर्वमान्य भाषा. मग अकॉर्डियनमध्ये पट्ट्यांखाली सूक्ष्म संवेदक बसू लागले आणि त्यांच्या जोडीला भात्यातील हवेचा दाब मोजणारा एक संवेदकही आला. २००४ साली जपानच्या रोलँड कंपनीने पत्त्या अजिबात नसलेले, संपूर्ण अंकीय पद्धतीचे अकॉर्डियन बाजारात आणले. त्यातही भाता ठेवावाच लागला. सूर काढण्यासाठी त्याची गरज नव्हती; वादकाच्या हाताला काय म्हणायचे आहे, ते कळण्यासाठी होती.

आणि येथे नियतीचा एक खेळ पाहा. गावाला वाचविण्यासाठी विजेच्या मार्गाने गेलेले या भागातील कारखाने एकेक करून थकले. कास्तेलफिदार्दोतच जन्मलेली, सिंथेसायझर बनविणारी ‘क्रुमार’ १९८७ मध्ये बंद पडली. याच प्रांतातील ‘सिएल’ ही संस्था पुढच्याच वर्षी रोलँडने विकत घेतली. जपानी स्पर्धेपुढे या धंद्याचा टिकाव लागला नाही. मेणाच्या वासाचे लहान कारखाने मात्र गावात आजही आहेत. पत्ती खरवडणारा हात जपानला नेता येत नाही, हेच त्याचे कारण असावे.

४४० आणि ४४२

त्या कारखान्याच्या मागच्या खोलीत एक तरुण तंत्रज्ञ गिऱ्हाइकाच्या वाद्यात विजेची यंत्रणा बसवीत होता. माझा प्रश्न ऐकून त्याने हातातले काम बाजूला ठेवले आणि तयार असलेले एक वाद्य खांद्यावर चढविले. प्रथम त्याने एक कळ दाबून पत्त्यांची वाट बंद केली आणि दाब मोजणारा संवेदक सोडवून ठेवला. मग भाता हळू ओढला, जोराने ओढला. ध्वनिवर्धकातून बासरीसारखा सूर येत होता, स्वच्छ आणि गोड. पण हात काय करतो आहे याची त्याला खबरच नव्हती. नंतर संवेदक जोडला. तोच सूर, तीच पट्टी. आता हात सैलावला की सूर विरे, हात ताठला की उभा राही. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

शेवटी त्याने पत्त्याही मोकळ्या केल्या. दोन्ही आवाज एकत्र निघाले आणि त्यांच्यामध्ये एक संथ हेलकावा ऐकू येऊ लागला, जणू पाळणा हलतो आहे. पुढच्या खोलीतले वृद्ध गृहस्थ तेथूनच ओरडले, ‘चारशे बेचाळीस!’ तंत्रज्ञ हसला. त्याचे कारण असे. इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा ‘ए’ हा आधारस्वर सहसा सेकंदाला ४४० कंपनांवर ठेवलेला असतो. इटलीतील अकॉर्डियन बहुधा ४४२ वर लावतात. दोन्ही एकत्र वाजले की त्या स्वरावर सेकंदाला दोन हेलकावे येतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा पुरत्या जुळलेल्या नसल्या म्हणजे जो हेलकावा कानाला लागतो, तोच हा.

आता जुळते कोणी घ्यावयाचे? पत्ती खरवडून ४४० वर आणता येईल. पण चारशे पत्त्या खरवडायच्या, आणि गेलेले पोलाद परत येत नाही. तंत्रज्ञाने एक बटण फिरविले आणि विजेचा सूर दोन कंपनांनी वर चढविला. हेलकावा मंदावला, थांबला. बासरी पत्तीच्या सुरात अशी मिसळली की कोणती कोठे संपते ते सांगता येईना. तो म्हणाला, ‘येथे असेच करायचे. हिला फिरविता येते, म्हणून हिने जुळवून घ्यायचे.’ खालच्या सुरांत आणखी एक अडचण येते, तीही त्याने दाखविली. जाड पत्ती जागी व्हायला क्षणभर वेळ घेते, विजेचा सूर ताबडतोब बोलतो. तेव्हा तेथे विजेला थोडे थांबायला शिकवावे लागते.

‘भारतात हे वाद्य आहे काय?’ त्याने विचारले. मी त्याला आमच्या चित्रपटसंगीताची हकिकत सांगितली. पुण्याचे एनॉक डॅनियल्स आणि मुंबईचे केर्सी लॉर्ड यांच्या बोटांनी अकॉर्डियनचे सूर घरोघर पोहोचविले. १९६९ च्या ‘आराधना’ चित्रपटातील एका गाजलेल्या गीतातील केर्सी लॉर्ड यांचे अकॉर्डियन आजही लोकांच्या कानात आहे. पत्ती आणि वीज यांची गाठ तर आमच्याकडे त्याहीपूर्वी पडली होती. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीची जी धून देशभर गाजली, ती पुंगीवर वाजविलेली नव्हती. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिन या विजेच्या वाद्यावर वाजविली आणि रवी यांनी हार्मोनियमची साथ केली. गावोगावच्या श्रोत्यांना तो खरा नागस्वर वाटला. ‘म्हणजे तुम्ही दोन माणसांकडून करविले,’ तंत्रज्ञ म्हणाला, ‘आम्ही एकाच माणसाला दोन कामे लावली.’ त्याच्या या बोलण्यावर मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतून शेकडो वादकांची उपजीविका पुढे याच वाटेने गेली, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘येथेही.’

निघताना मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, की तुमच्या वाद्यात वीज घातलेली तुम्हांला आवडते काय? त्यांनी हातातली पत्ती खाली ठेवली नाही. ‘पाहुणा घरच्या वेळेला जेवत असेल तर राहू द्यावा,’ ते म्हणाले, आणि पुन्हा खरवडू लागले.

वाचकहो, आपण कधी त्या बाजूस गेलात तर शरद ऋतूत जावे. १९७६ पासून गावात अकॉर्डियनवादनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत आली आहे, आणि त्या दिवसांत गल्लीबोळांतून भात्यांचे श्वासोच्छ्वास ऐकू येतात. जाणे न घडले तरी हळहळू नये. घरातील पेटीचे झाकण उघडावे, एक सूर दाबून धरावा आणि भात्याचा हात अगदी सावकाश थांबवावा. सूर मावळताना पत्ती जे बोलते, तेच त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले आहे.

परत आल्यावर मी जुना लेख काढला आणि पुनर्मुद्रणासाठी त्यात दुरुस्ती केली. पोलादाच्या ‘व्होचे’साठी ‘कंठ’, विजेच्या सुरासाठी ‘आवाज’, आणि दोहोंना चालविणाऱ्या ‘मान्तिचे’साठी आपला ‘भाता’. इटालियन भाषेतही लोहाराच्या भात्याला हाच शब्द आहे, हे पाहून मला विशेष आनंद झाला होता. ज्येष्ठ संपादकांनी कागद वाचला. ‘कंठ’ खोडून त्यांनी ‘पत्ती’ केले. वाचकाला कळले पाहिजे, हा त्यांचा नेहमीचा आग्रह. ‘भाता’ या शब्दाखाली मात्र त्यांनी एक रेघ ओढली आणि समासात लिहिले : ‘हे ठेवा.’